पडून राहिलेली गाडी

माझे धाकटे दीर मोटरसायकली दुरुस्त करतात आणि बोलत नाहीत. गल्लीत त्यांना 'सायलेन्सर' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते मला माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला मी कधीही चहा पाजायला तयार आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, भावजींचा माझ्यावर राग आहे. मग कळलं की ते आईशीही असेच, थोरल्या भावाशीही असेच आणि गिऱ्हाइकाशी तर त्याहून घुमे. 'झालं' आणि 'नाही झालं' एवढ्या भांडवलावर या माणसाचं गॅरेज चालतं. माझं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही, त्यामुळे आमचं दोघांचं छान जमतं. मी बोलते, ते पाना फिरवतात.

गॅरेज म्हणजे शटरची एक खोली. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खाट; आमचं बिऱ्हाड आता पलीकडच्या गल्लीत. भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत टांगलेले, खाली कापलेल्या डब्यात नटबोल्ट भिजत पडलेले आणि सगळ्या घराला, अगदी सासूबाईंच्या उशीलासुद्धा, ऑइलचा वास. त्या खोलीत भावजींची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की ते आधी गाडीला हात लावत नाहीत. "रोज करता तशी चालू करा," म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. नव्या माणसाला वाटतं, हा आपल्याला हिंग लावूनही विचारत नाही. पण ते ऐकत असतात. गाडी ऐकतात आणि गाडीपेक्षा जास्त माणूस ऐकतात. किक मारताना किती घाई करतो, गाडी उठायच्या आत मूठ पिळतो का, चोक ओढून विसरतो का. "निम्मा बिघाड माणसात असतो," असं एकदा मला म्हणाले होते. त्या वर्षातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

पडलेली गाडी आली, तर ती कशी पडली हे ते कधी विचारत नाहीत. पडलेल्या गाडीबद्दल कुणी खरं सांगत नाही, असं त्यांचं मत आहे. उभी होती, कुणीतरी धक्का मारून गेलं, असंच जो तो सांगतो. म्हणून ते गाडीलाच विचारतात. आणि गाडी कधी मिळेल म्हटलं की जी वेळ सांगतील त्या वेळेला गाडी पुसून दारात उभी असते. याबाबतीत त्यांनी कुणाला शेंडी लावलेली मी तोवर पाहिली नव्हती.

आता ह्यांच्याविषयी सांगते. आमचे हे एका तपासणी केंद्राचे फिरते माणूस. गावभरच्या दवाखान्यांत जायचं, रक्ताच्या बाटल्या गोळा करायच्या, त्या गार डब्यात घालून गाडीच्या मागे बांधायच्या आणि वेळेत केंद्रावर पोचवायच्या. घरोघरचं रक्त ह्यांच्या पाठीमागे बसून गेलंय, पण स्वतःचं कधी तपासायला दिलं नाही. "मला काय धाड भरलीय?" असं विचारायचे. सकाळी फेरीला निघताना लेकीला शाळेत सोडायचं कामही ह्यांचंच. ती पुढे टाकीवर बसते, दोन्ही आरशांचे दांडे धरते आणि रस्ताभर बापाला काहीबाही विचारत जाते. बोलण्यात माझ्यावर गेलीय.

त्या दिवशी हे घरी आले ते गाडी ढकलतच. वाटेत तीनदा बंद पडली म्हणाले. दवाखान्याबाहेर स्टँडवर लावली होती, आत होतो तेवढ्यात कुणीतरी पाडली. "पडली, उचलली. एवढंच," असं म्हणून हात धुवायला गेले. उजव्या बाहीला कोपरापासून खांद्यापर्यंत माती लागलेली होती. गाडी उचलताना लागली असेल असं मी मनाशी म्हटलं. पण जेवताना घास हातात धरून हे थांबले, असे की घड्याळाची चावी संपावी, आणि मग काहीच झालं नाही अशा थाटात पाणी मागितलं. असं त्याआधीही एकदोनदा झालं होतं. दमणुकीने होत असेल, उन्हाने होत असेल, असं म्हणत मी स्वतःची समजूत घालायची. तरी कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मनात आलंच. काय होतंय हे विचारलं की डोळे चुकवायचे, आणि ह्यांना डोळे चुकवता येत नाहीत.

सकाळी गाडी गॅरेजवर नेली. मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात बसते ते पुढच्याच रस्त्यावर, म्हणून मीही बरोबर होते. भावजी म्हणाले, "रोज करतोस तशी चालू कर," आणि भिंतीकडे वळले. ह्यांनी किक मारली. गाडी खोकली, निळसर धूर सोडला, थोडी धडधडली आणि बसली. पुन्हा तेच. मूठ पिळली तर वेग घ्यायच्या ऐवजी गुदमरायची.

भावजी वळले. बाजूचं झाकण काढून आतली हवेची गाळणी बाहेर ओढली. स्पंजासारखी असते ती, कोरडी असायला हवी. त्यांनी मुठीत दाबली तर काळं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग प्लग काढून हुंगला. मग खाली बसून उजवीकडच्या पायटेकणावरून, ब्रेकच्या दांडीवरून, हँडलच्या टोकावरून अंगठा फिरवत राहिले. बराच वेळ. मला दुकान उघडायचं होतं, माझा जीव वर-खाली होत होता. अखेर त्यांनी मान वर केली आणि जे कधी करत नाहीत ते केलं. विचारलं, "लगेच उचललीस?"

"लगेच," हे म्हणाले.

भावजी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग खाली बघून हात पुसायला लागले. गाडी कधी मिळेल म्हटलं तर म्हणाले, "बघतो." 'बघतो' हा शब्द त्यांच्या दुकानात मिळत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग सुरू झालं ते. संध्याकाळी विचारलं तर नाही झालं. दुसऱ्या दिवशी नाही झालं. गाळणी मिळत नाही. गाळणी मिळाली तर कार्बोरेटर साफ करायचाय. तो साफ झाला तर टाकीत गाळ हलला आहे, टाकी उतरवायला हवी. प्रत्येक गोष्ट खरी असेल असं वाटायचं, आणि तरीही एकातून दुसरं निघतच राहायचं. हे बसने फिरायला लागले. बाटल्या केंद्रावर उशिरा पोचायच्या. साहेबांनी बोलून दाखवलं की गाडी नसेल तर फेरी दुसऱ्या माणसाला देऊ. ती फेरी म्हणजे ह्यांचा सगळा मान. कुठल्या दवाखान्याची कुठली बाई बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला विसरते, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. हे घरात कुणाशी बोलेनात. पायी शाळेत जायला लागतं म्हणून लेक कुरकुर करायची. आणि मला काय झालं होतं ते मलाच समजत नव्हतं. दुकानात फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायची. मी ती सगळी धास्ती भावजींवर काढली, कारण उलट न बोलणारा माणूस त्यासाठी फार सोयीचा असतो.

एका दुपारी गॅरेजवर जाऊन मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. घरचं गिऱ्हाईक म्हणून भावाला शेवटी ठेवता का, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग पान्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, दादाचं डोकं दुखतं का?"

"तुमच्या गाडीनं दुखतं," मी म्हटलं.

"पोरगी पुढंच बसते ना, टाकीवर?"

मी म्हटलं, बसत होती, आता चालतेय बिचारी. आणि तणतणत निघून आले. न बोलणारा माणूस एकापाठोपाठ दोन प्रश्न विचारतो आणि बोलणारी बाई एकही ऐकत नाही, असं आमचं घर.

मग मी शहाणपणा केला. भावजी सकाळी सुटे भाग आणायला बाजारात जातात हे मला ठाऊक होतं. ते गेल्यावर मी सासूबाईंकडून गाडीची किल्ली घेतली. त्याही वैतागल्या होत्या, पटकन दिली. हे लेकीला घेऊन आलेच होते. ह्यांनी किक मारली आणि पहिल्याच किकेला गाडी अशी उठली की सासूबाई आतून बाहेर आल्या. धूर नाही, खोकला नाही. मूठ पिळली तर साफ, एकसारखा आवाज. हे हसले, कितीतरी दिवसांनी. मला मात्र राग आला. गाडी केव्हाची तयार होती. आपल्या भावाला या माणसाने खेळवलं होतं.

लेक टाकीवर चढली, आरशांचे दांडे धरले. हे शाळेच्या दिशेने निघाले. मी शटर ओढायला थांबले तर समोरून भावजी येताना दिसले, हातात पिशवी. उभ्या गाडीची जागा मोकळी बघितली आणि पिशवी तिथेच खाली ठेवली.

"कोण घेऊन गेलं?"

मी तोंड भरून सांगायला लागले. त्यांनी मला मधेच तोडलं. लग्न झाल्यापासून या माणसाने मला कधी तोडलं नव्हतं.

"वहिनी, दादा चालवता चालवता बेशुद्ध पडला होता. गाडीवरनं दिसतंय ते. पोरगी कुठंय?"

माझ्या काळजाचं पाणी झालं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी नुसता रस्त्याकडे हात केला. भावजींनी फळीवरून पेट्रोलची बाटली उचलली आणि पळत सुटले, मी त्यांच्या मागे. पळता पळता म्हणाले, टाकी रिकामी आहे. गाळ काढताना ओतून घेतली ती परत भरलीच नाही. कार्बोरेटरच्या वाटीत घोटभर असेल, तेवढ्यावर गेलाय. लांब जाणार नाही. मी विचारलं, मोठ्या चौकापर्यंत? त्या चौकात चारी बाजूंनी ट्रक येतात.

"पुरू नये," ते म्हणाले. "पुरू नये."

ज्या माणसाला 'झालं' आणि 'नाही झालं' सोडून तिसरं माहीत नाही, तो 'पुरू नये' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याने काय करावं? मी पळाले. चप्पल तुटली ती टाकून दिली. प्रत्येक वळणावर वाटायचं, गर्दी दिसेल. गर्दी दिसली नाही की वाटायचं, पुढच्या वळणावर असेल. वाटेत कुणीतरी हाक मारली. भाजीची गाडी आडवी आली. मला फक्त माझ्या लेकीचे हात दिसत होते, आरशांच्या दांड्यांवरचे.

चौकाच्या अलीकडे शाळेची लांब भिंत लागते. त्या भिंतीला लागून गाडी स्टँडवर उभी होती. हे टाकीला कान लावून गाडी हलवत होते, आणि लेक दप्तर पाठीला लावून बाजूला उभी राहून बापाला विचारत होती की गाडीला तहान लागली का. मी तिला जवळ ओढलं ते सोडलंच नाही. तिला वाटलं मी रागावलेय.

भावजी ह्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, धापा टाकत, हातात बाटली.

"पेट्रोल आहे. देतो," ते म्हणाले. "आधी सांग, त्या दिवशी गाडी किती वेळ पडून होती?"

"लगेच उचलली म्हटलं ना."

"दादा, लगेच उचललेल्या गाडीचं ऑइल गाळणीत इतकं येत नाही. उभी गाडी पडली तर एका जागी टवका उडतो. हिला रेघोट्या आहेत, हँडलपासून पायटेकणापर्यंत. चालती पडली. पडून राहिली." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं हे मला दिसत होतं, कारण त्यांना गाडी चालवायला शिकवलं ते ह्यांनी, आणि थोरल्या भावाला खोटं पाडण्याची या घरात रीत नाही. "माणूस शुद्धीवर असला की आधी गाडी उचलतो. गाडी पडून राहिली म्हणजे तूही पडून राहिलास."

हे लेकीकडे बघत राहिले. मग भिंतीला टेकले.

"किती वेळ ते माहीत नाही," हे म्हणाले. "खरंच माहीत नाही रे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नव्या वसाहतीकडचा रस्ता, दुपारची वेळ, आजूबाजूला कुणी नाही. चालवत होते एवढं आठवतं. त्यानंतर डोळ्यांवर ऊन आणि कानाशी गरम इंजिनाची टिकटिक. पाय गाडीखाली नव्हता हे नशीब. बाटल्यांचा डबा शाबूत होता म्हणून कुणाला कळलं नाही. आणि ही पहिली वेळ नव्हती. आधी दोनदा डोळ्यांपुढे अंधार आला होता, तेव्हा बाजूला थांबता आलं. सांगितलं असतं तर गाडी सुटली असती, गाडी सुटली असती तर फेरी सुटली असती. "आणि हिला कोण नेणार होतं?" असं लेकीकडे बोट करून म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. तोंड झाकून घेतलं.

मला ओरडायचं होतं. कितीतरी वेळ मनात जुळवलेलं होतं, पण ह्यांचा हात धरल्यावर तो गार लागला आणि सगळं विसरले. भावजींना मात्र मी विचारलं, हे तुम्ही मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, खात्री नव्हती, आणि कसं सांगायचं ते कळेना. म्हणून गाडीच देत नव्हतो. गाडी अडवून ठेवली की भाऊ आपोआप थांबेल, असा त्यांचा हिशोब. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला खोटी वेळ दिली आणि तीही सख्ख्या भावाला. या दोघा भावांपैकी एक वेळेवर बोलला असता तर मी शाळेच्या भिंतीपर्यंत अनवाणी पळाले नसते, हे मी दोघांनाही सुनावलं.

लेकीला तिथेच फाटकातून आत सोडलं. भावजींनी बाटली टाकीत रिकामी केली, किक मारली आणि नुसते बसून राहिले. हे मागे बसतात का, याची वाट बघत. आमचे हे कधी कुणाच्या मागे बसलेले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले. मग भावजींच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसले.

भावजींनी गाडी थेट ह्यांच्या फेरीतल्या पहिल्या दवाखान्याशी नेऊन थांबवली. तिथली बाई ह्यांना बघून नेहमीसारखी बाटल्यांचा डबा घेऊन पुढे आली आणि म्हणाली, आज उशीर केलात. हे खुर्चीवर बसले आणि बाही वर केली. हे मला भावजींनी सांगितलं, पाच-सहा शब्दांत, पण सांगितलं.

पुढे मोठ्या दवाखान्यात गेलो, छातीला तारा लावल्या, रात्रंदिवस अंगावर एक यंत्र बाळगायला दिलं. हृदयाचे ठोके मधेच चुकतात, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू आहेत, आणखी काय करायचं ते पुढच्या तपासणीत ठरेल. तोवर गाडी बंद. केंद्राने ह्यांना आत बसवलंय, आलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला. ह्यांना ते आवडत नाही आणि कुणाची चिठ्ठी चुकली की अजून नेमकं सांगतात, ही अमक्या दवाखान्यातली. लेकीला सकाळी भावजी नेतात. ती रस्ताभर विचारते आणि ते तिला उत्तरं देतात म्हणे. माझा विश्वास बसत नाही.

मी बरी आहे असं सगळ्यांना सांगते. पण मला एक सवय लागलीय. आतल्या खोलीत काही पडलं, ताट, तांब्या, साधं पुस्तक, की माझे हात जागच्या जागी थांबतात. पडल्याच्या आवाजाची मला भीती नाही. मी त्याच्या पुढचा आवाज ऐकत असते, वस्तू उचलल्याचा. तो यायला जरा उशीर झाला की मी अर्ध्या दारात पोचलेली असते. ह्यांना हे कुणी सांगितलं माहीत नाही. मी तर नाहीच. पण हल्ली ह्यांच्या हातून काही पडलं की पाठोपाठ आतून हाक येते.

"उचललं गं," हे म्हणतात. "उचललं."